गळका बांध

आमच्या गोरिवले वाडीत बांध घालून झाला की लगेच नारळ फुटत नाही. आधी पंचा अंथरावा लागतो.

पावसाळा सरला की डोंगरातून येणाऱ्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, दगडमातीचा बांध घालायचा आणि उन्हाळ्यापुरतं पाणी धरून ठेवायचं, हे काम वाडी पिढ्यानपिढ्या करत आली आहे. बांध झाला की जुनंजाणतं माणूस त्याच्या खालच्या अंगाला, कोरड्या पडलेल्या पात्रात उतरतं. खांद्यावरचा पंचा गोट्यांवर पसरतं आणि त्यावर बसून निवांत एक विडी ओढतं. विडी संपली की पंचा उचलून सगळ्यांना दाखवायचा. सुका असेल तर नारळ. ओला असेल तर बांध सोडायचा आणि परत घालायचा, मग सूर्य मावळो नाहीतर पोटात कावळे ओरडोत.

माझ्या आठवणीत पंच्यावर बसायचा मान माझ्या वडिलांचाच. रघुनाथ गोरिवले, अख्ख्या खोऱ्याचे रघूअण्णा. त्यांच्या बांधाखाली पंचा ओला झाला असं कुणी म्हटलं, तर लोक म्हणणाऱ्यालाच डोळे तपासून घ्यायला सांगतील. 'गळका बांध' ही आमच्याकडे शिवी आहे. पोटात गोष्ट न राहणारा, उधळ्या, शब्द देऊन फिरणारा, सगळ्यांना ती एकच पुरते.

आणि अशा माणसाच्या मुलीने, म्हणजे मी, दर्शनाने, खोऱ्यात मुद्दाम गळके बांध घालायची योजना आणली. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. मला आता सवय झाली आहे.

*

हातवी नदी आमच्या वाडीच्या डोक्यावरच्या कड्यातून निघते आणि बेलबंदरच्या खाडीला मिळते. वाडी माझं माहेर, बेलबंदर सासर. खालच्या पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. दोन हजार अडतीस सालच्या पुरात गिरणीत गळ्याइतकं पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तेव्हा लोकांनी दळायला ठेवलेल्या गव्हाला मोड आले होते आणि मोटरीत चिखल बसला होता. सासूबाई त्या मोडांकडे बघत पायरीवर बसल्या त्या दिवसभर उठल्याच नाहीत. सासरे गेल्यावर त्यांनी याच गिरणीवर घर ओढलं होतं.

त्या पुरानंतर पेठेने सगळी गावं मागतात तेच मागितलं. गाळ काढा, नदी सरळ करा, भिंती बांधा. भर सभेत नाझनीन परकार उभी राहिली. ही बेलबंदरच्या मोहल्ल्यातली, नद्यांचा अभ्यास करून परत गावी आलेली, आणि जिभेला धार असलेली. ती म्हणाली, "पाणी लवकर पळवायची सोय करताय, पण ते पळून जाणार कुठे? उधाणाच्या भरतीला समुद्र खाडीचं तोंड बंद करतो. बंद दारावर गर्दी लोटायची असेल तर करा नदी सरळ."

पूर म्हणजे नुसतं जास्त पाणी नव्हे, एकाच वेळी आलेलं पाणी, हे तिने आम्हांला समजावलं. डोंगरातल्या वहाळांचं पाणी थोडं थोडं उशिरा सोडता आलं, तर भरती ओसरेपर्यंत ते वरच राहील. त्यासाठी वहाळात आडवे ओंडके रोवायचे, पण तळाशी हातभर फट ठेवायची. रोजचं पाणी त्या फटीतून निघून जातं, मासेही जातात. लोंढा आला की फट अपुरी पडते, पाणी मागे चढतं, रानात पसरतं, मुळांत मुरतं आणि उरलेलं ओंडक्यांच्या सांध्यांतून रात्रभर गळत राहतं. गळणं हेच त्या बांधाचं काम. तो आधीच भरून बसला तर पुराच्या दिवशी त्यात तांब्याभरही मावणार नाही. शिवाय ओंडके वाट देण्यासाठी रोवलेले असतात, तळ्याचा भार पेलण्यासाठी नव्हे.

तिची दुसरी करामत म्हणजे कानोसा. नदीतल्या गोट्यासारखाच दिसणारा एक गोटा, तळाला घट्ट बसवलेला, आणि त्याच्या पोटात पाण्यातला आवाज ऐकणारं यंत्र. पुरात तळाचे दगड घरंगळतात, एकमेकांवर आपटतात. फटीतून पाणी निघताना सूं करतं. लोंढ्याचा आवाज वेगळा, झऱ्याचा वेगळा. कड्यापासून खाडीपर्यंत असे शेकडो गोटे बसवले आणि दोन पावसाळे ते नुसते ऐकत राहिले. मग त्यांचा हिशेब करणाऱ्या यंत्राला प्रत्येक वहाळाची चाल पाठ झाली. कुठलं पाणी कधी निघालं, वाटेत कुठे रेंगाळलं आणि पेठेत कुठल्या आळीत कधी शिरणार, हे ते पाच-सहा तास आधी सांगू लागलं.

ते आणखी एक गोष्ट सांगू लागलं, आणि तिचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. शिरलेलं पाणी कुणाचं, हेही त्याला कळत होतं.

तोवर पूर देवाचा होता, नाहीतर सरकारचा. आता त्याला नावगाव मिळालं. नाझनीनच्या हट्टामुळे सगळी माहिती सगळ्यांच्या मोबाईलवर उघडी असायची. लपवलेल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे तिचं म्हणणं मलाही पटलं होतं. पण गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला मोबाईल सांगतो की यातलं निम्मं पाणी गोरिवले वाडीचं, तेव्हा तो माणूस काय करतो, ते मी बघितलं आहे. बाजारात एका मच्छीवालीने माझ्या काकूला बांगडे द्यायचं नाकारलं. "तुमचं पाणी आमच्या चुलीत आणि आमची मासळी तुमच्या चुलीत, हे कसं चालायचं?" असं तिने विचारलं. काकू रिकामी टोपली घेऊन डोंगर चढून घरी गेली.

सासूबाईंचंही तेच. पूर्वी परसात पाणी आलं की त्या गमतीने म्हणायच्या, "तुझ्या माहेरचं पाणी आलं हो भेटायला." मीही हसायचे. कानोसा आल्यावर त्या तेच वाक्य म्हणायच्या, पण मोबाईल हातात धरून. मग कुणीच हसायचं नाही. मी गळक्या बांधांच्या मागे हात धुऊन लागले ते यामुळे. मला माहेरचं पाणी सासरी उशिरा आणायचं होतं, बस.

*

बेचाळीस सालच्या श्रावणातली गोष्ट. नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. मी गिरणीत गल्ल्यावर होते, सासूबाई तांदूळ दळत होत्या, नवरा मंदार पट्टा आवळत होता. हातवी खोरे समितीने कानोशावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. कुठला कान, म्हणजे गोटा, विचित्र वागला की जाऊन बघायचं आणि कारण कळवायचं. सकाळी नाझनीनचा फोन आला.

"कोंडजाईच्या वहाळावरचे कान मुके झालेत," ती म्हणाली.

"बिघडले असतील."

"अकराही? एकदम? परवापर्यंत उघडीप होती म्हणून यंत्राने मनावर घेतलं नाही. कमी पाण्यात आवाज कमीच असतो. पण दोन रात्री पाऊस झाला, बाकीचे वहाळ बोंबलतायत आणि हे अकरा गप्प आहेत. गप्प म्हणजे मेलेले नाहीत, दर्शना. साठलेल्या पाण्याचा आवाज येतोय."

कोंडजाईचा वहाळ म्हणजे आमच्या वाडीचा. एकाखाली एक अकरा गळके बांध.

"आज संध्याकाळपासून मोठा पाऊस आहे," नाझनीन सांगत होती. "मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाची भरती. एक जरी बांध फुटला तर त्याचं पाणी खालच्यावर, त्या दोघांचं तिसऱ्यावर. अकराही एकामागोमाग जातील आणि नेमके भरतीच्या तोंडावर पेठेत येतील. मग अडतीस सालचा पूर बरा होता असं म्हणायची वेळ येईल."

मी स्कूटर काढली. सासूबाईंनी कुठे जातेस असं विचारलं. माहेरी, म्हणाले. त्यांनी दळण थांबवून माझ्या तोंडाकडे बघितलं.

*

अण्णा मला सगळ्यांत खालच्या बांधावरच भेटले. हातापायाला माती, कपाळाला घाम आणि चेहऱ्यावर लग्न पार पाडल्याचं समाधान.

"काय गो बाय, पुनवेच्या आदीच आलीस? बरा केलंस. बग."

मी बघितलं. ओंडक्यांच्या तळाची फट दगड, माती आणि पेंढ्याने बुजवलेली होती. सांध्यासांध्यांत लाल मळलेली माती भरून वर हाताने गिलावा केला होता. मागे तळं काठोकाठ भरलेलं. खालच्या अंगाला गोटे कोरडे पडले होते.

"अण्णा, हे कुणी केलं?"

"कुनी म्हंजे? आमी. आख्खी वाडी. लावनी आटोपली, उघडीप पडली, हात रिकामे. म्हटला चला, दर्शनाच्या कामाकडं जरा बगून येव. बगतो तर काय, सगळीकडनं पानी गळतंय. अकरातला एक बांद धड नाय. बायका-पोरं लागली, तीन दिवसांत अकराही बांद सुके केलाव. पंचा अंथरून बगितला मी सोता."

"पण मी तुम्हांला सांगितलं होतं. सभेत सांगितलं, घरी सांगितलं. हे बांध गळायलाच हवेत."

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सांगितलंस गो. पन मला वाटला, ठेकेदाराच्या मानसांनी काम वाईट केलान आनि तू आपली सांबाळून घेतंस. आपल्या मानसाच्या चुकीवर पांगरून घालायची रीतच हाय. म्हटला पोर किती दिवस असा बोलत राहील? लोकं माज्या मागं बोलायची, रगूअण्णाच्या लेकीनं गळके बांद घातलान. मला काय आयकाय येत नाय?"

मला आधी राग आला. मग रागाच्या आतून माया आली, आणि मायेमुळे राग आणखी वाढला. तीन दिवस ही सत्तरीची हाडं माती मळत होती, का, तर माझी अब्रू झाकायला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, अशी म्हण आहे, पण भलतं म्हणजे किती भलतं याला काही मर्यादा असावी.

मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. संध्याकाळचा पाऊस, मध्यरात्रीची भरती, ओंडक्यांवरचा भार, खालची पेठ. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. अण्णा हट्टी आहेत, पण पाण्याच्या बाबतीत त्यांना एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. यावेळी लागली, कारण त्यांना वाटलं होतं की ती पाण्याची गोष्ट नसून लेकीची आहे.

एवढ्यात नाझनीनचा फोन. "मोबाईलवर कारण काय लावू? विचार करून सांग. एकदा लावलं की अख्ख्या पेठेला दिसेल."

तिने दुसरा पर्याय तोंडाने सुचवला नाही, पण तो आम्हा दोघींना ठाऊक होता. कान बिघडले असं लावायचं, आणि देवाचं नाव घेऊन दिवसभरात जमेल तेवढं उपसायचं. जमलं तर कुणाला काही कळणार नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"बांध बुजवलेत असं लाव," मी म्हणाले. "गोरिवले वाडीने बुजवलेत. न कळून बुजवलेत हेही लाव."

"दर्शना, लोक तुझ्या वडिलांना..."

"लोकांना आधी माळ्यावर चढू दे. ते महत्त्वाचं आहे."

फोन ठेवला. अण्णांनी विचारलं, "माजा नाव लावलंस?"

"वाडीचं लावलं. म्हणजे तुमचंच."

ते उठले, खोचलेलं धोतर आणखी वर खोचलं आणि म्हणाले, "मग आता सोडूया. वरनं सुरू करू."

"नाही, खालून. वरचा आधी सोडला तर त्याचं पाणी भरलेल्या बांधावर आपटेल. खालचा रिकामा झाला की त्याच्या वरचा. घरातून माणसं बाहेर काढताना दाराजवळचं आधी काढतात, तसं."

"कळला," ते म्हणाले. "हाका मार वाडीला."

*

पहिल्या बांधाची माती निघते न निघते तोच मंदारचा फोन आला. त्याच्यामागे गलका ऐकू येत होता.

"काय केलं तुझ्या वडिलांनी? गिरणीसमोर सगळी पेठ जमली आहे. जेसीबी घेऊन वर येतो म्हणतात, सगळे बांध फोडून टाकतो म्हणतात."

"मंदार, जेसीबी रस्त्याने येणार, आणि रस्त्याला पहिला लागतो तो सगळ्यांत वरचा बांध. तो आधी फोडला तर सगळं पाणी एकदम तुमच्या अंगावर येईल. त्यांना सांग, यंत्र नको, माणसं हवीत. पहारी, फावडी घेऊन या."

पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि सासूबाईंचा आवाज आला. "दर्शना, मला खरं सांग. धान्य माळ्यावर चढवू की माणसं वर पाठवू?"

"दोन्ही, आई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

तासाभराने तीन टेम्पो आले. लोक भांडायच्या तयारीने उतरले होते, पण भांडायला आलेल्या माणसाच्या हातात पहार दिली आणि समोर बुजलेली फट दाखवली, की भांडण थोडं लांबतं. बांगडे नाकारणारी ती मच्छीवालीही आली होती. माझ्या काकूच्या शेजारी उभी राहून ती माती ओढत होती आणि दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. शेवटच्या टेम्पोतून सासूबाई उतरल्या. पदर खोचून त्या सरळ अण्णांसमोर गेल्या.

"व्याही, तुम्ही बांध पक्का घालता असं ऐकून होते. आज बघायला मिळाला."

अण्णांनी मान खाली घातली. मग हातातली पहार त्यांच्यापुढे धरली. "इहीनबाय, उजवीकडनं खोचा. मी डावीकडनं खोचतो."

दुपारची भरती फिरली तसा नाझनीनने फोन केला. आता सहा तास ओहोटी होती. या वेळात जेवढं पाणी सोडू तेवढं बिनबोभाट समुद्रात जाणार होतं. आम्ही एकेक बांध मोकळा करत वर सरकलो. प्रत्येक फट उघडली की मोबाईलवर त्या बांधाचा कान बोलू लागायचा, सूं असा बारीक आवाज. अण्णांनी तो एकदा कानाला लावून ऐकला आणि परत दिला.

आठ बांध झाले. वरचे तीन होईनात. तिथली माती अण्णांनी स्वतः मळलेली होती, पाण्याच्या दाबाने ती ओंडक्यांत घट्ट बसली होती आणि तळं इतकं भरलेलं होतं की खालच्या अंगाला माणूस उभा करणं म्हणजे त्याला मारणं होतं. एक पहार वाकली. आभाळ काळं झालं आणि कड्यावर पाऊस दिसू लागला.

"वरून तळी आणखी भरली की हे तीन रात्री नऊ-दहाच्या सुमारास जातील," नाझनीन म्हणाली. "नुसते तीनच आहेत, पण वर मोठा पाऊस आहे आणि पुढे भरती. ते पाणी नदीत जाण्याआधी कुठेतरी पसरायला हवं. जागा एकच आहे. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. वहाळ नदीला मिळतो तिथेच डाव्या हाताला अण्णांचा मळा आहे. कधीकाळी नदी तिथून वळसा घालून जायची. अण्णांच्या आज्याने तो वळसा बांध घालून तोडला, डोक्यावरून माती वाहून भरला आणि भाताचा असा मळा केला की खोऱ्यात तसा दुसरा नाही. नाझनीन हा वळसा नदीला परत द्या म्हणून दोनदा विचारायला आली होती. दोन्ही वेळा अण्णांनी तिला चहा पाजून परत पाठवलं होतं. मीही तिच्यासोबत गेले नव्हते, कारण मी त्यांची मुलगी आहे आणि त्या मळ्याचा भात खाऊनच वाढले आहे.

आता मागणं मलाच भाग होतं.

"अण्णा, मळा द्या."

समोर भात गुडघ्याएवढा झाला होता, हिरवागार.

"आज्यानी घातलेला बांद हाय तो."

"माहीत आहे."

"त्याला कंदी पाजर सुटला नाय."

"माहीत आहे, अण्णा."

त्यांनी मागे बघितलं. सासूबाई एका दगडावर बसून कळशीतलं पाणी पीत होत्या. कोपरापर्यंत लाल माती, केस सुटलेले.

"त्यांच्या गिरनीत गव्हाला परत मोड येतील?"

"येतील."

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून डोक्याला गुंडाळला. "कुनी हात लावू नका. आमच्या घरचा बांद मी सोडनार."

कुणी हात लावला नाही. वाडी आणि पेठ ओळीने उभी राहिली आणि एक म्हातारा माणूस आपल्या आज्याचं काम पहारीने खणू लागला. फार वेळ लागला. आज्याचं काम खरंच पक्कं होतं. शेवटी एक ढेकूळ निसटलं, मग दुसरं, आणि नदीचं तांबडं पाणी मळ्यात शिरलं. भात आधी थरथरला आणि मग ओळीओळीने आडवा झाला. अण्णा रडले. तोंड न लपवता, सगळ्यांसमोर रडले. ती मच्छीवाली पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातातली पहार काढून घेतली.

*

रात्री वरचे तीन बांध गेले. मोठा आवाज झाला, वाडीने ऐकला. मोबाईलवरच्या नकाशात पाण्याचा तो लोंढा खालच्या आठ बांधांना घासत, त्यांना भरत, जरा मंदावत उतरला आणि वहाळाच्या तोंडाशी डावीकडे वळून मळ्यात पसरला. तिथे तो थांबला. नाझनीनचं यंत्र सांगत होतं की भरती फिरेपर्यंत तो तिथेच फिरत राहिला आणि मग बोटबोट उतरत गेला.

सकाळी सासूबाईंचा फोन आला.

"तुझ्या माहेरचं पाणी आलं हो," त्या म्हणाल्या. "उशिरा आलं. दुसऱ्या पायरीपर्यंत आलं, जरा टेकलं आणि गेलं. पाहुण्यासारखं वागलं."

मागे गिरणी चालू झाल्याचा आवाज येत होता. मी फोन अण्णांच्या कानाला लावला. त्यांनी तो आवाज बराच वेळ ऐकला.

*

मळा परत भाताखाली आला नाही. तिथे आता रेती आहे, पाणकणीस आहे आणि पावसाळ्यात नदी वळसा घालून जाते. अण्णा काही साधुसंत झालेले नाहीत. त्या बाजूने जाताना ते अजून तोंड फिरवतात, आणि नाझनीन घरी आली की तिला चहा देताना ऐकवतात, "भात तुज्या नदीनं खाल्लान, आता हा चहाच उरलाय गो." ती मुकाट्याने पिते. पण मळा परत भरायचा का असं मी दिवाळीत विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

देवदिवाळी झाल्यावर वरचे तीन बांध नव्याने घालायला घेतले. यावेळी पेठेतलीही माणसं आली. वाडीच्या पोरांनी पहिला बांध उत्साहात रोवला, वरून अडवून धरलेलं पाणी सोडलं आणि अण्णांकडे बघितलं. अण्णा खालच्या अंगाला उतरले, पंचा पसरला, विडी पेटवली. विडी संपली. त्यांनी पंचा उचलून दाखवला.

"सुका हाय," ते म्हणाले. "सोडा नि परत घाला."

पोरं कुरकुरली, पण ओंडके परत निघाले. सवयीने कुणीतरी सांध्यांत पाला कोंबला होता, तो काढला. फट मोकळी केली. दुपार कलली. पुन्हा पाणी सोडलं आणि अण्णा पुन्हा पात्रात उतरले. पंचा पसरला, पण ते बसले नाहीत. काठावर उभ्या असलेल्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "इहीनबाय, तुमी या."

"मी?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तो मान तुमचा, व्याही."

"बांदाच्या खाली तुमी राहता," अण्णा म्हणाले. "बरा झाला का वाईट, ते तुमीच सांगायचा."

मी सासूबाईंचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. गोट्यांवर पसरलेल्या त्या पंच्यावर त्या अवघडून बसल्या, पदर सावरला आणि वाट बघू लागल्या. विडी नव्हती, म्हणून अण्णांनी त्यांच्या हातात सुपारीचं खांड दिलं. फटीतून बारीक सूं असा आवाज सुरू झाला. गोट्यांमधून पाण्याची एक बोटभर धार वाट काढत आली, पंच्याच्या कडेला टेकली आणि आत शिरली.

"काय वाटतंय, आई?" मी विचारलं.

सासूबाईंनी सुपारी गालात सरकवली.

"भिजतेय," त्या म्हणाल्या. "फोडा नारळ."